किरणोपचार यंत्रे : श्रीपेरुंबुदूरची तयारी आणि ट्रॉम्बेचा अनुभव

चेन्नईहून बंगळुरूकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर सुमारे ४० किलोमीटर अंतरावर श्रीपेरुंबुदूर हे गाव लागते. विशिष्टाद्वैताचे प्रवर्तक रामानुजाचार्य यांचे हे जन्मस्थान. २१ मे १९९१ रोजी माजी पंतप्रधान राजीव गांधी यांची हत्या येथेच झाली आणि गावाचे नाव देशभर पोहोचले. नंतरच्या तीन दशकांत मोटारी, काच आणि मोबाइल संच बनविणाऱ्या कारखान्यांनी या परिसराचे रूप पालटले. आता जवळच्याच ओरगडम येथे सुमारे ३५० एकर जागेवर वैद्यकीय उपकरण उद्यान उभारले जात आहे. केंद्र सरकारच्या औषधनिर्माण विभागाने २०२० मध्ये अशा उद्यानांची योजना आणली. तिच्याखाली तामिळनाडू, हिमाचल प्रदेश, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश या चार राज्यांची निवड झाली असून प्रत्येक उद्यानासाठी कमाल १०० कोटी रुपयांचे अर्थसाहाय्य ठरविण्यात आले.

त्याच वर्षी वैद्यकीय उपकरणांसाठी ३,४२० कोटी रुपयांची उत्पादनाधारित प्रोत्साहन योजनाही जाहीर झाली. तिच्या लक्ष्य गटांत कर्करोगावरील उपचारांची आणि किरणोपचाराची उपकरणे पहिल्या क्रमांकावर आहेत, ही बाब बोलकी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या कर्करोग नोंदणी कार्यक्रमाने २०२२ या वर्षात देशात सुमारे १४.६ लाख नवे कर्करुग्ण आढळल्याचा अंदाज वर्तविला होता. यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांना उपचाराच्या कोणत्या ना कोणत्या टप्प्यावर किरणोपचाराची गरज भासते. मात्र ज्या यंत्रांवर हे उपचार होतात, त्यांची जागतिक बाजारपेठ मोजक्या परदेशी कंपन्यांच्या हाती आहे. अमेरिकेतील व्हेरियन ही त्यांतील सर्वांत मोठी कंपनी २०२१ मध्ये जर्मनीच्या सीमेन्स हेल्थिनीअर्सने विकत घेतली.

या पार्श्वभूमीवर श्रीपेरुंबुदूरच्या उद्यानाकडे पाहताना एक प्रश्न उपस्थित होतो. किरणोपचाराचे यंत्र देशात बनविणे म्हणजे नेमके काय बनविणे? उत्तरासाठी आधी यंत्रमानवशास्त्र आणि किरणोपचार यांचा संबंध कसा जुळला, ते पाहावे लागेल.

श्रीपेरुंबुदूर परिसरातील मोटार कारखान्यांत गाडीच्या सांगाड्यावर डाग देणारे यांत्रिक हात दिवसरात्र काम करीत असतात. खांदा, कोपर, मनगट अशा सहा सांध्यांवर फिरणारा हा हात ठरवून दिलेल्या बिंदूवर अचूक जाऊन थांबतो आणि हजारो वेळा त्याच बिंदूवर परत येतो. याच जातीच्या हाताला किरणोपचाराच्या खोलीत आणण्याची कल्पना अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे मेंदूशल्यविशारद जॉन ॲडलर यांची. १९८५ च्या सुमारास ते स्वीडनमध्ये लार्स लेक्सेल यांच्याकडे शिकत होते. लेक्सेल यांनी मेंदूतील गाठीवर अनेक दिशांनी बारीक किरणशलाका एकवटण्याची पद्धत रूढ केली होती. परंतु त्यासाठी रुग्णाच्या कवटीला धातूची चौकट स्क्रूने घट्ट बसवावी लागे. चौकट वेदनादायक तर होतीच, शिवाय तिच्यामुळे उपचार मेंदूपुरतेच मर्यादित राहत. छातीला किंवा पोटाला अशी चौकट बसविणार कशी?

ॲडलर यांनी चौकट काढून टाकली. किरणे निर्माण करणारा छोटा त्वरक यांत्रिक हाताच्या टोकावर बसविला आणि रुग्णाची जागा क्ष-किरण प्रतिमांच्या साहाय्याने पुनःपुन्हा तपासण्याची व्यवस्था केली. १९९४ मध्ये स्टॅनफर्ड येथे पहिल्या रुग्णावर या यंत्राने उपचार झाले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९९ मध्ये डोक्याच्या भागासाठी आणि २००१ मध्ये संपूर्ण शरीरासाठी त्याला मान्यता दिली. ‘सायबरनाइफ’ या नावाने हे यंत्र आज ओळखले जाते. नावात सुरी असली तरी त्यात पाते कोठेही नाही.

या यंत्रामागील सर्वांत कठीण गणित सोडविले ते जर्मन संशोधक आखिम श्वाइकार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी. फुप्फुसातील किंवा यकृतातील गाठ श्वासाबरोबर हलते. कधी काही मिलिमीटर, तर कधी दोन सेंटिमीटरपर्यंतही. किरणशलाका स्थिर ठेवली तर अर्धा वेळ ती निरोगी पेशींवर पडते. गाठीचा सगळा प्रवासमार्ग व्यापेल इतकी ती रुंद केली, तर हानी आणखी वाढते. गाठ सतत क्ष-किरणांनी पाहत राहावे, तर त्या किरणांचाच डोस वाढतो. श्वाइकार्ड यांनी यातून मार्ग काढला. रुग्णाच्या छातीवर प्रकाशणाऱ्या खुणा लावायच्या आणि कॅमेऱ्याने त्यांची हालचाल अखंड टिपायची. गाठीजवळ बसविलेले सोन्याचे सूक्ष्म कण क्ष-किरणांनी मात्र अधूनमधूनच पाहायचे. बाहेरच्या खुणा आणि आतली गाठ यांच्या हालचालींतील संबंध संगणकाने शोधायचा आणि यांत्रिक हाताने त्यानुसार गाठीचा पाठलाग करायचा. प्रतिमा मिळण्यात आणि हात हलण्यात सेकंदाच्या काही भागाचा विलंब होतो. म्हणून गाठ आता कोठे आहे यापेक्षा क्षणभरानंतर ती कोठे असेल, याचे भाकीत संगणकाला करावे लागते. रुग्ण खोकला की हे भाकीत चुकते आणि यंत्राला थांबावे लागते.

येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की यांत्रिक हात बाजारात तयार मिळत होता. पुढील काळात सायबरनाइफमध्ये वापरला गेलेला जर्मनीच्या ‘कुका’ कंपनीचा हात मोटार कारखान्यांच्या परिचयाचाच आहे. नवे होते ते त्वरकाचे लहान रूप, प्रतिमांचे विश्लेषण, श्वासाचे गणित आणि चुकीच्या क्षणी किरणे थांबविण्याची खात्रीशीर व्यवस्था. यंत्राचे खरे मूल्य याच गोष्टींत असते आणि आयात करणारा देश पैसेही प्रामुख्याने याच गोष्टींसाठी मोजतो.

चेन्नईला हे तंत्रज्ञान अपरिचित नाही. तेथील अपोलो रुग्णालयात २००९ मध्ये सायबरनाइफ आले. २०१९ च्या जानेवारीत त्याच समूहाचे प्रोटॉन उपचार केंद्र शहरात सुरू झाले. दक्षिण आशियातील ते पहिलेच. महाराष्ट्रात खारघर येथील टाटा स्मारक केंद्राच्या प्रोटॉन सुविधेचे लोकार्पण मे २०२३ मध्ये झाले. अत्याधुनिक उपचार देशात उपलब्ध नाहीत, अशी तक्रार आता करता येणार नाही. परंतु श्रीपेरुंबुदूरहून त्याच महामार्गाने पुढे गेल्यावर कांचीपुरमजवळ कारपेट्टै येथे अरिंगर अण्णा स्मारक कर्करोग रुग्णालय लागते. १९६९ मध्ये स्थापन झालेले हे सरकारी रुग्णालय उत्तर तामिळनाडूतील गरीब रुग्णांचा आधार आहे. अशा रुग्णालयात यंत्राची चमक गौण ठरते. ते आज चालू आहे की बंद, हा पहिला प्रश्न असतो. किरणोपचार बहुधा आठवड्यातून पाच दिवस, काही आठवडे चालतात. यंत्र आठवडाभर बंद पडले, तर उपचारांची साखळी तुटते आणि गाठीला तेवढा अवधी मिळतो. गावाहून आलेल्या कुटुंबाची मजुरी बुडते ती वेगळीच. पुष्कळजण अशा वेळी उपचार अर्धवट सोडून परततात.

नेमक्या याच प्रश्नावर सुमारे पाव शतकापूर्वी मुंबईत काम सुरू झाले. भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ट्रॉम्बे येथील दूरहाताळणी व यंत्रमानव विभागाने ते हाती घेतले. या विभागाचे मूळ काम वेगळे होते. अत्यंत किरणोत्सारी पदार्थ जाड काचेच्या पलीकडे ठेवून यांत्रिक हातांनी हाताळावे लागतात. हे हात बनविणे, ही या अभियंत्यांची खासियत. किरणोत्सारी वस्तू पोलादी कवचातून अचूक बाहेर काढणे आणि काही बिघडले तर ती हमखास कवचात परत नेणे, हे ज्याला जमते त्याला कोबाल्ट यंत्राचा गाभा समजलेला असतो. के. जयराजन, डी. सी. कार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांबरोबर जे दूरकिरणोपचार यंत्र विकसित केले, त्याला डॉ. होमी भाभा यांच्या नावावरून ‘भाभाट्रॉन’ असे नाव देण्यात आले. पहिले यंत्र २००० च्या दशकाच्या मध्यास खारघरच्या ॲक्ट्रेक या संस्थेत उभे राहिले.

कोबाल्ट यंत्राची रचना वरकरणी सोपी भासते. कोबाल्ट-६० या किरणोत्सारी मूलद्रव्याची छोटी कुपी शिशासारख्या जड धातूच्या गोळ्यात बंद असते. उपचाराच्या वेळी ती सरकून एका झरोक्यासमोर येते, गॅमा किरणे बाहेर पडतात आणि वेळ संपताच ती आत जाते. १९५१ मध्ये कॅनडात या पद्धतीने पहिले उपचार झाले आणि पुढे अनेक दशके भारतीय रुग्णालयांत कॅनडाची यंत्रे आली. ती तेथील परिस्थितीसाठी घडविलेली होती. कुपी सरकविण्यासाठी दाबयुक्त हवा लागे. तिच्यासाठी स्वतंत्र कंप्रेसर आणि त्याची देखभाल ओघाने आलीच. वीज गेली की उपचार थांबत. सुटा भाग बिघडला, तर तो सातासमुद्रापलीकडून येईपर्यंत रुग्ण बाकावर बसून राहत.

भाभाट्रॉनच्या अभियंत्यांनी या तक्रारींपासूनच आराखड्याला सुरुवात केली. दाबयुक्त हवेची गरज त्यांनी काढून टाकली. वीजपुरवठा खंडित झाला तरी उपचार चालू राहावेत, म्हणून बॅटरीची सोय केली. किरणक्षेत्राचा आकार ठरविणाऱ्या कोलिमेटरच्या पाकळ्या स्वतंत्रपणे सरकतील, किरणांची तीव्रता उतरती करणारी पाचर मोटारीने बसेल आणि संगणकावरून सर्व हालचाली नियंत्रित होतील, अशी रचना करण्यात आली. पुढच्या आवृत्तीत अधिक तीव्र कोबाल्ट ठेवण्याची क्षमता वाढली. उपचारापूर्वी रुग्णाची स्थिती निश्चित करणारे ‘इमॅजिन’ नावाचे डिजिटल सिम्युलेटरही केंद्राने विकसित केले. यांपैकी एकेक गोष्ट पाहिली, तर जगाला चकित करणारी नाही. मात्र सर्व मिळून तालुक्याच्या रस्त्यावरील रुग्णालयात टिकणारे यंत्र तयार झाले, हे या संशोधनाचे यश होय.

या यशामागे भूगोलाचा आणि प्रशासनाचाही वाटा होता. ट्रॉम्बे आणि खारघर यांच्यामध्ये एक खाडी आहे. भाभा केंद्र आणि टाटा स्मारक केंद्र या दोन्ही संस्था अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत येतात. कोबाल्टचे स्रोत पुरविणाऱ्या किरणोत्सार व समस्थानिक तंत्रज्ञान मंडळाचे मुख्य ठाणे वाशीला आहे आणि ते कोबाल्ट देशातल्याच अणुवीज केंद्रांच्या भट्ट्यांत तयार होते. रुग्णालयांना लागणारे वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ घडविणारा पदविका अभ्यासक्रमही ट्रॉम्बे येथेच १९६० च्या दशकापासून चालतो. डॉक्टर, अभियंता, भौतिकशास्त्रज्ञ आणि कोबाल्ट पुरविणारा असे चौघे एका विभागात, एका शहराच्या परिघात होते. असा योग देशात अन्यत्र क्वचितच जुळला असेल.

उत्पादनासाठी हे तंत्रज्ञान बंगळुरूच्या पॅनेशिया मेडिकल टेक्नॉलॉजीज या कंपनीकडे सोपविण्यात आले. यंत्रे अनेक राज्यांतील रुग्णालयांत बसविली गेली. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कर्करोगविषयक कार्यक्रमांतर्गत भारताने भेट दिलेले यंत्र २०१० मध्ये व्हिएतनाममधील कॅन थो येथे कार्यान्वित झाले. जुलै २०१६ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या केनिया दौऱ्यात नैरोबीच्या केन्याटा राष्ट्रीय रुग्णालयाला भाभाट्रॉन देण्यात आले. ज्या क्षेत्रात भारत घेणारा होता, त्यात तो देणारा झाला.

असे असले तरी भाभाट्रॉनवरील आक्षेपांकडे दुर्लक्ष करता येत नाही. कोबाल्टच्या किरणशलाकेची कड त्वरकाच्या शलाकेइतकी रेखीव नसते आणि शरीरात खोलवर असलेल्या गाठीपर्यंत तिचा प्रभाव तुलनेने कमी पोहोचतो. कोबाल्टची तीव्रता दरमहा सुमारे एक टक्क्याने घटते आणि सव्वापाच वर्षांत निम्मी होते. म्हणजे पूर्वी दोन मिनिटांत होणाऱ्या उपचाराला चार मिनिटे लागतात आणि दिवसभरात कमी रुग्ण होतात. वेळेवर नवा स्रोत भरावा, तर त्यासाठी लाखो रुपयांची तरतूद आणि निविदा लागते. सरकारी कार्यालयातील फाइल मात्र कोबाल्टच्या गतीने हलत नाही. शिवाय निरुपयोगी झालेल्या स्रोताची जबाबदारी उरतेच. एप्रिल २०१० मध्ये दिल्ली विद्यापीठातील एक जुने कोबाल्ट उपकरण मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. त्यात एकाचा मृत्यू झाला आणि काही जणांना गंभीर इजा झाली. ते उपकरण किरणोपचाराचे नव्हते. तथापि कोबाल्ट मोकळे सुटले तर काय घडते, हे देशाला त्या प्रकरणात दिसले.

यामुळेच रेषीय त्वरकाकडे, म्हणजे रुग्णालयांच्या भाषेत ‘लिनॅक’कडे, कल वाढत गेला. त्यात किरणोत्सारी स्रोत नसतो. सूक्ष्मतरंगांच्या साहाय्याने इलेक्ट्रॉनांना वेग दिला जातो, ते धातूच्या लक्ष्यावर आदळतात आणि क्ष-किरण निर्माण होतात. कळ बंद केली की किरणे बंद. याही क्षेत्रात मुंबईचे काम आहे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एका गटातून पुढे आलेल्या आणि पवईच्या आयआयटी परिसरात असलेल्या ‘समीर’ या संस्थेने चंडीगडच्या संस्थांसह १९९० च्या सुमारास किरणोपचाराचा देशी त्वरक उभा केला. पुढे अधिक शक्तीचे त्वरक विकसित होऊन काही रुग्णालयांत बसविले गेले. त्यांत वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचा समावेश होता. कस्तुरबांच्या नावाच्या रुग्णालयात पवईचा त्वरक, हे चित्र आश्वासक होते.

तरीही देशी लिनॅक बाजारपेठेत पाय रोवू शकला नाही, याचे कारण समजून घेतले पाहिजे. समीरचे यंत्र किरणे देत होते. पण दरम्यान जगातील यंत्रांत उपचारनियोजनाची संगणकप्रणाली, शेकडो पातळ पाकळ्यांचा कोलिमेटर, उपचाराच्या वेळी प्रतिमा घेण्याची सोय आणि देखभालीचे देशव्यापी जाळे या गोष्टी आल्या. संशोधन संस्था दर काही वर्षांनी एक यंत्र बनविते. परदेशी कंपनी दरवर्षी शेकडो विकते आणि त्या उत्पन्नातून पुढची आवृत्ती घडविते. डॉक्टरांनी परदेशी यंत्राला पसंती दिली, तर त्यांना दोष देता येणार नाही. त्यांच्यासमोर रुग्ण असतो, औद्योगिक धोरण नसते.

श्रीपेरुंबुदूरपुढील खरा प्रश्न येथून सुरू होतो. या गावाने जुळणीचा आणि निर्मितीचा फरक अनुभवलेला आहे. २००६ मध्ये येथे सुरू झालेल्या नोकियाच्या कारखान्यातून कोट्यवधी मोबाइल संच बाहेर पडले आणि हजारो तरुण-तरुणींना रोजगार मिळाला. करविषयक वाद आणि मायक्रोसॉफ्टशी झालेल्या व्यवहारातून या कारखान्याचे वगळले जाणे, यांमुळे नोव्हेंबर २०१४ मध्ये तेथील उत्पादन थांबले. आराखडा, संगणकप्रणाली आणि निर्णय हे सारे हेलसिंकीजवळ होते. श्रीपेरुंबुदूरला होते ते कुशल हात, आणि ते एका हंगामात रिकामे झाले. मोटार उद्योगाचे तसे झाले नाही. सुट्या भागांचे शेकडो छोटे-मोठे पुरवठादार भोवती रुजल्याने त्याची मुळे अधिक खोल गेली.

किरणोपचार यंत्राच्या बाबतीत पुरवठादार म्हणजे कोण? सूक्ष्मतरंग निर्माण करणारी मॅग्नेट्रॉन नळी, निर्वात नलिका, टंगस्टनच्या पाकळ्या, उच्च दाबाचे विद्युत संच आणि प्रतिमा टिपणारे पडदे बनविणारे उद्योग. सांगाडा, यांत्रिक हात आणि रुग्णशय्या ओरगडमच्या मोटार पुरवठादारांना आजही जमण्याजोगी आहेत. नळ्या आणि संगणकप्रणाली यांचे तसे नाही. सामायिक सुविधा हा उद्यान योजनेचा गाभा आहे. त्यांत कित्येक फूट जाड काँक्रीटच्या भिंतींची चाचणीखोली असेल की नाही, यावर बरेच अवलंबून राहील. अशा खोलीविना किरणे देणाऱ्या यंत्राची चाचणी होऊच शकत नाही आणि छोट्या उद्योजकाला ती स्वबळावर बांधणे परवडत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यताही चाचण्यांच्या नोंदींवरच मिळते.

मनुष्यबळ चेन्नईत आहे. अण्णा विद्यापीठात वैद्यकीय भौतिकीचे पदव्युत्तर शिक्षण कित्येक वर्षांपासून दिले जाते, समीरचे एक केंद्र तरमणी भागात आहे आणि अड्यार येथील कर्करोग संस्था देशातील जुन्या संस्थांपैकी एक आहे. ट्रॉम्बेला जे चौघे एका विभागात होते, ते येथे चार वेगळ्या छत्रांखाली आहेत. त्यांना एकत्र बसविण्याची जबाबदारी सध्या कोणा एकाची नाही.

खरेदीदाराचा मुद्दा तितकाच निकडीचा आहे. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने तीन वर्षांत सर्व जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराची उपचारकेंद्रे सुरू करण्याची आणि त्यांपैकी २०० केंद्रे २०२५-२६ मध्ये उभारण्याची घोषणा केली. या केंद्रांत प्रामुख्याने औषधोपचार होतील. जिल्ह्यातच निदान आणि औषधे मिळू लागली, की किरणोपचाराची गरज असलेले अधिक रुग्ण वेळेत पुढे येतील आणि त्यांना पाठवायचे कोठे, हा प्रश्न राज्यांपुढे उभा राहील. सरकारी खरेदीत देशी उत्पादनाला प्राधान्य देण्याचा आदेश २०१७ पासून लागू आहे. परंतु प्रत्येक रुग्णालयाने एकेक यंत्रासाठी स्वतंत्र निविदा काढल्यास नव्या उत्पादकाला मागणीचा अंदाज येत नाही. निविदेत यंत्राच्या किमतीबरोबर दहा वर्षांची देखभाल आणि यंत्र किती दिवस बंद राहिले तर किती दंड, याचा हिशेब घातला, तर जवळचा उत्पादक आपोआप पुढे येऊ शकतो. सुटा भाग ओरगडमहून कारपेट्टैला पोहोचण्यास मालमोटारीला दोन तासही लागणार नाहीत. तो भाग ओरगडमच्या गोदामात असेल की परदेशातून येणाऱ्या विमानाची वाट पाहावी लागेल, हे येत्या काही वर्षांतील भूखंडवाटप आणि खरेदीच्या अटी ठरवतील.